जुन्या गाडीत फोनवरची गाणी ऐकायला कोणता स्टिरिओ घ्यावा? मित्र म्हणतो, अँड्रॉइड स्क्रीनच घे

तुमचा प्रश्न असा: गाडी जुनी, स्टिरिओला ब्लूटूथ नाही, बजेट दहा-बारा हजार, फोनवरची गाणी ऐकायची आहेत, आणि मित्राचं म्हणणं की तेवढ्या पैशात नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन येत असताना साधा स्टिरिओ कोण घेतं? उत्तर एवढंच की मित्राचं ऐकू नका. नाव असलेल्या कंपनीचा, ब्लूटूथ आणि स्टिरिओपासून वेगळा लावता येणारा माईक असलेला साधा स्टिरिओ घ्या. पाच-सहा हजारांत काम होतं. उरलेल्या पैशांत पुढच्या दारांतले स्पीकर बदला.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण ‘मित्र म्हणतो’ वाचलं आणि राहवेना. माझ्या वेळी ‘भाऊजी म्हणतात’ होतं.

गाडी वॅगनआर, २०१३ची, माझ्या पगारातून घेतलेली. चालवते मीच. नवरा शिकणार आहे, २०१४ पासून. तिचा मूळचा स्टिरिओ सीडी आणि रेडिओवाला होता, आणि सासूबाईंची भजनांची सीडी त्यात एकदा अडकली ती कायमचीच. मी २०२२च्या मे महिन्यात साधा ब्लूटूथ स्टिरिओ घ्यायला निघाले, तर धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, थांबा, मी येतो. तुम्हाला यातलं कळत नाही असं नाही, पण दुकानवाले बायकांना फसवतात.” आले बरोबर. दुकानदार सगळा वेळ त्यांच्याशीच बोलत होता. मी विचारलं तरी उत्तर त्यांच्याकडे बघून द्यायचा. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा मात्र दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

घेतली काय, तर नऊ इंची स्क्रीन. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, ‘अँड्रॉइड’ एवढंच ठसठशीत. भाऊजींना सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐका. दुकानदाराने चावी काढून दाखवली आणि म्हणाला, “बघा साहेब, चावी काढली तरी गाणं चालूच! उतरायच्या आत बंद पडायची कटकट नाही.” भाऊजी खूश. मला तेव्हाच खटकलं होतं, पण बोलले नाही. ते न बोलणं मला पुढे फार महागात पडलं.

फिटिंगवाल्या पोऱ्याने मूळ कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, कापला आणि वायरी पिळून, टेप गुंडाळून जोडल्या. स्टिरिओला बॅटरीकडून दोन वायरी येतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल चावी फिरवल्यावर जागी होते, स्टिरिओला ‘उठ’ म्हणून सांगायला. या महाशयांनी दोन्ही एकत्र करून कायमच्या सप्लायला जोडल्या. म्हणजे चावी काढा, दारं लावा, घरी जाऊन झोपा, स्टिरिओ आपला जागाच. मी बटण दाबून स्क्रीन काळी करत होते आणि मला वाटायचं, बंद झाला.

पुण्यात काही कळलं नाही, कारण मी रोज हडपसरपर्यंत जाऊन-येऊन तास-दीड तास गाडी चालवते. रात्री जेवढं जायचं तेवढं दिवसा भरलं जायचं. मी अकाउंट्समधली बाई आहे. खात्यातून दरमहा बारीक रक्कम कापली जात असेल आणि पगार वेळेवर येत असेल, तर पासबुक कोण बघतं?

पगार थांबला गणपतीत. २७ ऑगस्टला, शनिवारी, कराड-मलकापूर-आंबा घाट करत आम्ही देवरुखजवळच्या गावी पोचलो. संध्याकाळचे सात वाजले असतील. पाऊस मरणाचा, म्हणून गाडी वरच्या रस्त्याला लावून ताडपत्री टाकली. पुढचे तीन दिवस कोण हलवतंय? माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट), साफसफाई, हरतालिका. ३१ तारखेला सकाळी नऊला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, जायचं होतं. यंदा मूर्ती जरा मोठी सांगितली होती आणि गाडीने आणू असं मीच ऐटीत म्हटलं होतं. चावी फिरवली. टक. पुन्हा टक. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन विझले.

मग धक्का. मी स्टिअरिंगवर, सेकंड गिअर, क्लच दाबलेला. मागून नवरा, भाऊजी आणि शेजारची दोन पोरं. उतार होता, पण लाल मातीचा राडा झालेला. क्लच सोडला की गाडी नुसती उचकी द्यायची. तिसऱ्या खेपेला भाऊजी घसरून गुडघ्यावर पडले, नवं धोतर लालभडक. चुलत सासरे पडवीतून बघत होते. ते शांतपणे उतरले, डोक्यावर टॉवेलाची चुंबळ ठेवली आणि म्हणाले, “आपला बाप्पा कधी गाडीतून आलाय काय गो?” आणि निघाले चालत. गणपती त्यांच्या डोक्यावरूनच आला, मागून एक जण छत्री धरून. गाडी दुपारी एका टेम्पोला जंपर केबल लावून सुरू केली.

आता खरी गोष्ट. संध्याकाळच्या आरतीनंतर भाऊजींनी निकाल दिला, “बॅटरीच जुनी होती.” सगळ्यांनी माना हलवल्या. बॅटरी मी जानेवारीत बदलली होती! पावती गाडीत होती! पण गणपतीसमोर वाद नको म्हणून पुन्हा गप्प बसले. परतेपर्यंत ‘वहिनींची जुनी बॅटरी’ हा घरातला विनोद झाला होता.

पुण्याला आल्यावर बुधवार पेठेतून एक साधा मल्टिमीटर आणला आणि कसं मोजायचं ते शिकून घेतलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मीटर १० अँपिअरच्या खाचेवर लावून मधे जोडायचा, दारं बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मधे विसरूनसुद्धा चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा स्थिर झाला ०.३७ अँपिअरवर. स्टिरिओचा फ्यूज ओढला, ०.०२. बंद गाडीने ०.०५ च्या आत राहावं असा साधारण हिशोब असतो. शनिवारी संध्याकाळी सात ते बुधवारी सकाळी नऊ म्हणजे ८६ तास. ८६ गुणिले ०.३७ म्हणजे जवळपास ३२ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. घ्या. त्या जागी नवी कोरी बॅटरी असती तरी झोपलीच असती.

व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींचं उत्तर आलं, हात जोडल्याची इमोजी, आणि खाली, “तरी पण एकदा बॅटरी चेक करून घ्या.”

दुकानदार म्हणाला, “मॅडम, सगळ्यांना असंच करून देतो, कोणाची तक्रार नाही.” शेवटी दुसऱ्या एका माणसाकडून लाल-पिवळी वेगळी करून घेतली. मग नवीन कौतुक सुरू झालं. आता प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की स्क्रीन उठायला पाऊण मिनिट घ्यायची. सोसायटीचं गेट येईपर्यंत नुसता लोगो. गाणं लागतंय तोवर रिव्हर्स टाकावा तर ते थांबायचं. शिवाय तिला स्वतःचं नेट नव्हतं. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, मग तिच्यातल्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करा. जे गाणं खिशातल्या फोनमध्ये आहे ते ऐकायला एवढा खटाटोप कशासाठी? वर्षभराने काढून टाकली.

आता जे आहे ते सिंगल डिन, म्हणजे कमी उंचीचं, साडेपाच हजाराचं. सीडी नाही, स्क्रीन नाही. चावी फिरवली की पाच सेकंदांत फोन धरतो आणि काल जिथे थांबलं होतं तिथून गाणं सुरू. वर फ्रेममध्ये उरलेल्या जागेत एक छोटा खण मिळाला, त्यात पार्किंगच्या पावत्या आणि गॉगल. माईक आरशाशेजारच्या खांबावर लावून घेतला. तो दुकानवाले स्टिरिओजवळच चिकटवून मोकळे होतात आणि मग समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

तुम्हाला दुकानात कोडेकचं, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायच्या पद्धतींचं, भाषण मिळेल. एसबीसी, एएसी, एलडॅक. दोन्हीकडे तेच कोडेक असेल तरच उपयोग. आयफोनला एलडॅक नाहीच. आणि ८०च्या वेगात टायरचा आवाज, पंखा, मागच्या सीटवरची भांडणं, यात एसबीसी आणि एएसी वेगळं ओळखणारा कान मला अजून भेटलेला नाही. तसंच ‘४ × ५० वॉट’. वेगळा अँप्लिफायर नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीत असला स्टिरिओ एका स्पीकरला सलग विसेक वॉट देतो. खोक्यावरचा आकडा क्षणभराचा. त्यापेक्षा मूळचे कागदी स्पीकर फाटलेत का ते बघा. दहा वर्षांच्या गाडीत बहुतेक फाटलेले असतात.

घाटात जाणार असाल तर गाणी आधीच डाउनलोड करा. आंबा घाटात आमच्या दोन्ही फोनांचं नेटवर्क जातं आणि तुमचा दोन लाखांचा स्टिरिओ असला तरी तेव्हा काही करू शकत नाही. खर्च फार नाही. १६० केबीपीएस दर्जाच्या गाण्यांना तासाला ७२ एमबी, दुप्पट दर्जा घेतला तर १४४. फुकट अ‍ॅपवर ही सोय सहसा नसते, आणि भर आरतीत जाहिरात वाजते ती वेगळीच.

फिटिंगबद्दल एकच हट्ट धरा: वायर कापू द्यायची नाही. तुमच्या गाडीचा कपलर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो लावून फिटिंग करा म्हणावं. नाही म्हणाला तर उठा. आणि पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या फोनवर एक अख्खं गाणं ऐका, एक फोन करून बघा, मग चावी काढून बघा. चावी काढल्यावर गाणं चालू राहिलं आणि दुकानदार हसला, तर तुम्ही हसू नका.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. गाडीला ऑक्सचं, म्हणजे हेडफोनसारखी पिन लावायचं, भोक असेल तर स्टिरिओ बदलूच नका. ब्लूटूथ रिसीव्हर पाच-सातशेत मिळतो, तो लावा. तो चार्जरवर असताना अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी कुईं ऐकू आली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मधे लावायची, बहुतेक वेळा जाते. सिगारेट लायटरमध्ये लावायचं एफएमवालं यंत्र पुण्या-मुंबईत घेऊ नका, मोकळी फ्रिक्वेन्सी शोधताना जीव जातो. गावाकडे ते ठीक चालतं.

तुम्हाला मॅप मोठ्या स्क्रीनवर हवा असेल किंवा रिव्हर्स कॅमेरा लावायचा असेल तर स्क्रीन जरूर घ्या, माझा स्क्रीनशी दावा नाही. पण मग नाव असलेल्या कंपनीची, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेली घ्या. त्यात अ‍ॅप फोनमध्येच चालतात, स्क्रीन फक्त दाखवते. ती दहा-बारा हजारांत बसेलच असं नाही. ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ आणि ‘अँड्रॉइड ऑटो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि काउंटरवर हमखास एकच म्हणून सांगितल्या जातात. वायरवाली घेतलीत तर केबल डेटाची लागते, नुसत्या चार्जिंगच्या केबलने काहीच होत नाही. आणि हो, सगळ्याच बिननावाच्या स्क्रीन माझ्यासारख्या निघतात असंही नाही. भाऊजींच्या स्वतःच्या गाडीत तशीच आहे आणि व्यवस्थित चालते. ते ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बसवून आले होते, हे मला मागच्या दिवाळीत कळलं.

बॅटरीची जानेवारी २०२२ची पावती त्या वरच्या खणातच ठेवलीय. भाऊजी पुढच्या सीटवर बसले की तिथे गॉगल ठेवतात.

तुमची गाडी कोणती आणि कोणत्या सालची ते प्रश्नात लिहिलेलं नाही. लिहा, म्हणजे कपलर कुठला लागेल ते सांगते.