वाचकांचे प्रश्न : छप्पर उघडते, पण पाणी कुठून जाते?

प्रश्न : स. न. वि. वि. मी ५४ वर्षांचा असून इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. घरी मी, पत्नी आणि ८१ वर्षांची आई असे तिघे आहोत. मुलगी नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते. रोजच्या वापराला वॅगनआर आहे. तरुणपणापासून मनात एकच हौस राहून गेली आहे, ती उघड्या छपराच्या दोन आसनी गाडीची. दिल्लीतील एका गृहस्थांची २०१२ साली नोंदणी झालेली बीएमडब्ल्यू झेड-४ विकाऊ आहे. गाडी एका हाताची, ३८ हजार किलोमीटर चाललेली, आणि किंमत १४ लाख रुपये सांगतात. मी १८ लाखांपर्यंत खर्च करू शकतो, म्हणजे ४ लाख हाताशी उरतात. पत्नीचे म्हणणे, “तिसरा माणूस कुठे बसेल?” मित्र म्हणतात, एवढ्या पैशांत नवी कोरी एसयूव्ही येईल. विक्रेत्याने छपराचा व्हिडिओ पाठवला आहे आणि लवकर कळवा म्हणतो. घ्यावी की नाही?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपल्या मित्रांचा सल्ला मी प्रथम बाजूला ठेवतो, कारण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याला उघडी गाडी हवी आहे त्याला एसयूव्ही देऊन समाधान होत नाही. फार तर आणखी दहा वर्षे हळहळ होते. पत्नीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे : तिसरा माणूस वॅगनआरमध्ये बसेल. म्हणून पहिली अट अशी की वॅगनआर विकायची नाही. आईंना दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा ही गाडी निरुपयोगी आहे. जागेचा प्रश्न सोडला तरी तिची बैठक इतकी खाली असते की ८१ वर्षांच्या बाईंना तीत बसवता येईल, पण उठवता येणार नाही.

आता पैशांविषयी. ही गाडी नवी असताना ६० लाखांच्या घरात होती. आपण तिचे १४ लाख देणार असलात तरी तिचे सुटे भाग आपण किती दिले ते विचारत नाहीत. ते ६० लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात, आणि पुष्कळदा परदेशातून मागवावे लागतात. जुन्या महागड्या गाडीच्या व्यवहारात माणसे फसतात ती बहुधा इथे, विक्रेत्याच्या लबाडीमुळे क्वचितच. त्यामुळे आपले उरलेले ४ लाख ही बचत समजू नये. तो गाडीच्याच किमतीचा दुसरा हप्ता आहे, फक्त तो केव्हा भरावा लागेल हे ठाऊक नाही. ती रक्कम निराळ्या खात्यात ठेवून विसरून जाण्याची तयारी नसेल तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

तयारी असेल तर छपरापासून सुरुवात करू, कारण अशा गाडीत इंजिनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, छप्पर तपासावे लागते. आपण म्हणता ती पिढी २००९ ते २०१६ या काळातली. तिचे छप्पर कापडाचे नसून अॅल्युमिनियमच्या दोन तुकड्यांचे आहे आणि ते विजेच्या व हायड्रॉलिक यंत्रणेने सुमारे २० सेकंदांत घडी होऊन डिकीत जाते. छप्पर बंद असताना डिकीत ३१० लिटर जागा असते, उघडल्यावर १८० उरते. डिकीत एक आडवा पडदा असतो, तो जागेवर नसेल तर छप्पर हलतच नाही. पुष्कळ लोक याच एका कारणाने छप्पर बिघडले असे समजून गॅरेज गाठतात.

विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घेऊ नये. छप्पर एकदा उघडले यावरून फक्त ते त्या दिवशी उघडले एवढेच कळते. प्रत्यक्ष जाऊन ते लागोपाठ तीनदा उघडायला व बंद करायला लावा, इंजिन चालू ठेवून. दोन्ही बाजू बरोबरीने उठतात का, मध्येच अडखळून पुन्हा चालते का, पंपाचा आवाज तिसऱ्या खेपेला बदलतो का, हे पाहा. नंतर डिकीतले अस्तर बाजूला करून बिजागऱ्यांजवळच्या सिलिंडरांवर पांढरे स्वच्छ कापड फिरवा. तेलाचा ओशटपणा लागला तर गळती सुरू झाली आहे. या गाडीच्या दारांच्या काचांना वर चौकट नसते, म्हणून दार उघडताच काच बोटभर खाली सरकते आणि दार लावल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज निघाली तर तिथून पाणीही सहज आत येईल.

पाण्याचा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो. उघड्या गाड्यांत छपराच्या कडेने पन्हळी असतात आणि त्यांतले पाणी बारीक नळ्यांतून चाकांच्या बाजूला खाली सोडलेले असते. या नळ्या तुंबल्या की पाणी मागे फिरते आणि आसनांच्या पाठीमागे, गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी साचते. नेमकी तिथेच विजेची यंत्रणा बसवलेली असते. याच झेड-४ च्या आधीच्या, कापडी छपराच्या पिढीत तर छपराची मोटार मागच्या कोपऱ्यात पाण्याच्या वाटेलगतच खोल बसवली होती. नळी तुंबली की मोटार पाण्यात. इंदुरात आपण गाडी कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली लावणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण मोठी पाने नळीच्या तोंडाशीच अडतात, चिंचेचा पाला मात्र सरळ आत जाऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्यांसाठी अशीच एक उघडी गाडी पाहायला दुसऱ्या शहरात गेलो होतो. बाहेरून ती आरशासारखी होती. आत चालकाच्या आसनामागचा गालिचा मात्र बाकीच्या गालिच्यापेक्षा थोडा गडद, म्हणजे नवा, दिसला. कोपरा उचलला तर खालच्या पत्र्यावर भिंतीला ओल आल्यावर उमटते तशी पांढरट रेघ होती, आणि एका जोडणीच्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. विक्रेता म्हणाला, गाडी धुताना पाणी गेले असेल. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. आपणही गालिचा उचलून पाहावा, नाकानेही तपासावे. कुबट वास लपवायला आत सुगंधी डबी टांगलेली असेल तर ती काढून, काचा बंद ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा दार उघडावे. शेवटी तांब्याभर पाणी पन्हळीत सावकाश ओतावे आणि ते चाकाजवळ किती वेळात टपकते ते पाहावे. लगेच टपकले तर उत्तम. पाणी आत जाऊन बाहेर आलेच नाही, तर ते गाडीत राहिले आहे.

३८ हजार किलोमीटरचे मला फारसे कौतुक वाटत नाही. १३ वर्षांत ३८ हजार म्हणजे वर्षाला तीन हजारांहून कमी. एवढी कमी चाललेली गाडी बहुतेक काळ उभी राहिलेली असते, आणि उभ्या गाडीचे रबर, बॅटरी, तेलाची सील हे सगळे चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१४’ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही शाबूत असो, तो बदलायचाच असे समजून किंमत करावी. या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने पुढचे मागे करण्याची सोयही नाही. टायर रनफ्लॅट प्रकारचे असतील तर गाडीत स्टेपनी नसते. हवा गेल्यावर तशा टायरवर ताशी ८० च्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते. मांडव (मांडू) इंदूरहून सुमारे १०० किलोमीटर आहे, हा हिशेब सहलीला निघण्यापूर्वी करून ठेवलेला बरा.

इंजिन तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे, ३०६ अश्वशक्तीचे आहे आणि ते चांगलेच आहे. मात्र या इंजिनात उच्च दाबाचा इंधनपंप आणि विजेवर चालणारा पाण्याचा पंप हे दोन भाग कुरकुर करण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. ते कधी बदलले याची बिले मागावीत. बिले नसतील तर बदललेले नाहीत असेच धरावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. विक्रेत्याने आपण पोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. स्कॅनर लावणारा आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहणारा स्वतंत्र मेकॅनिक बरोबर हवा. त्याचे पैसे आपण द्यावेत, विक्रेत्याने नव्हे. इंधनाचाही विचार करावा : आता पंपांवर सर्रास मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आणि २०१२ ची गाडी त्या प्रमाणासाठी बनवलेली नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीच्या टाकीत ते दीर्घकाळ पडून राहू देऊ नये.

कागदपत्रांत एक गोष्ट विक्रेत्याने आपल्याला सांगितलेली दिसत नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे या गाडीची २०२७ मध्ये संपते. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली. पुढे तिच्या अंमलबजावणीत फेरफार झाले, तरी मालकांची धास्ती गेलेली नाही. ‘लवकर कळवा’ या घाईमागचे कारण बहुधा हेच असावे. मध्य प्रदेशात तशी बंदी नाही, पण नूतनीकरण करावेच लागेल, आणि ही गाडी आयात केलेली असल्याने त्याचे शुल्क साध्या मोटारीसारखे ५,००० नसून ४०,००० रुपये आहे. नूतनीकरण पाच वर्षांचे असते. गाडी २० वर्षांची झाल्यावर हेच शुल्क ८०,००० होते. शिवाय योग्यता तपासणी निराळी.

त्याआधी दिल्लीहून फॉर्म २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, आणि इंदुरात नायता मुंडल्याच्या कार्यालयात मध्य प्रदेशचा कर भरून एमपी-०९ चा क्रमांक, एवढे सोपस्कार आहेत. दिल्लीचे चलन थकलेले असेल तर ना-हरकत अडते, म्हणून ते आधी परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर पाहावे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

उघडी गाडी इंदुरात किती वापरता येईल, हेही प्रामाणिकपणे मोजावे. मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असताना काळ्या चामड्याच्या आसनावर बसणे ही शिक्षा आहे. बायपासवर ट्रकच्या चाकाचा नट आपल्या कानाच्या उंचीला येतो आणि धूर थेट तोंडावर. उरतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळी आणि पावसाळ्यातल्या उघडिपीच्या सकाळी. माळव्याच्या रात्रींची ख्याती आहेच. सिमरोलच्या बाजूने भेरूघाट उतरताना छप्पर उघडे असेल तर ती ख्याती का आहे ते कळते. वर्षातून असे चाळीस-पन्नास दिवस मिळाले तरी मी ते कमी मानणार नाही. आपल्या शहराला या हौसेचे वावडेही नाही : दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनी उघडी गाडी बांधून घेतली होती. अर्थात त्यांना सुट्या भागांच्या भावाची चिंता नव्हती.

माझे मत असे की हीच गाडी १४ लाखांना घेऊ नये. नोंदणी संपत आली आहे, घाई विक्रेत्याला आहे, आपल्याला नाही. आपण दोन महिने थांबलात तर किंमत आपोआप खाली येईल. वरच्या सगळ्या तपासण्या करू दिल्या, गालिच्याखाली कोरडे निघाले आणि सौदा ११ लाखांच्या आत बसला, तर घ्यावी. मात्र घरी बंदिस्त किंवा निदान पत्र्याची शेड असलेली जागा हवी. नुसते कव्हर पुरत नाही. तपासणीला विक्रेता नकार देत असेल तर दिल्लीचे तिकीटही काढू नये. जायचेच असेल तर पावसाळ्यात जावे, डिसेंबरात नव्हे.

प्रश्न : एवढा खर्च नको म्हणून जुन्या मारुतीचे छप्पर कापून कन्व्हर्टिबल करून देणारा एक कारागीर मला भेटला आहे. करावे का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि केला तर नोंदणी व विमा दोन्ही धोक्यात येतात. कायदा बाजूला ठेवला तरी साध्या मोटारीत छप्पर हाच सांगाड्याचा एक आधार असतो. कारखान्यातून उघडी निघणारी गाडी तळाशी आणि पुढच्या काचेच्या चौकटीत मुद्दाम मजबूत केलेली असते; कापलेल्या गाडीत ते काहीच नसते. पहिल्या खड्ड्यात ती मधोमध लवते आणि मग दारे लागेनाशी होतात. कारागिराला एवढेच विचारा की त्याने याआधी कापलेल्या गाडीची दारे आज लागतात का.