वडिलांचा फिल्म कॅमेरा आणि लेन्स ऑनलाइन लिलावात विकायच्यात, बोली कमीपासून सुरू करू का?

म्हणजे वडिलांची फिल्म बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), तीन कॅनन एफडी लेन्स आणि तुमची स्वतःची जुनी निकॉन डिजिटल बॉडी, सगळं एकाच लिलावात टाकायचं म्हणताय. नका टाकू. ज्याला लेन्स हवीय त्याला बॉडी नकोय, तो गठ्ठ्याला गठ्ठ्याचाच भाव देणार.

आणि एफडी लेन्स स्वस्तात सोडू नका हो. एफडी हा कॅननचा जुना माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची पद्धत, १९८७ मध्ये कॅननने तो बदलून ईएफ आणला आणि या लेन्स पोरक्या झाल्या, डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावायच्या तर काचवाला अडॅप्टर लागायचा नाहीतर लांबचं फोकसच होत नसे. मिररलेस, म्हणजे बिनआरशाचे कॅमेरे आले तशा त्या साध्या अडॅप्टरवर बसायला लागल्या, त्यामुळे आता फिल्मवाल्यांबरोबर व्हिडिओवाले पण घेतात.

आता बोलीचं. कमीपासून सुरू करणं तेव्हाच परवडतं जेव्हा ती वस्तू हवी असणारे निदान दोघं तरी त्या वेळी तिथे असतात, एकटाच आला तर तो सुरुवातीच्या किमतीत घेऊन जातो आणि तुम्ही बघत बसता. ईबेसारख्या साइटवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर असतो तो लावा, कारण मागणारे काय, काहीही मागतात. लेन्सवर नेहमी पाच-सात बोल्या पडताना दिसल्या तर खुशाल कमीपासून लावा. डिजिटल बॉडी मात्र ठरलेल्या किमतीलाच विका, तिचा भाव सगळ्यांना पाठ असतो, लिलावात वर जाऊन जाऊन किती जाणार. निकॉनचा शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललंय तो आकडा, फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलमध्येच नोंदलेल्या माहितीत) मिळतो, तो आधीच लिहून टाका, नाहीतर तोच प्रश्न दहा जण विचारतील. आणि शेवटच्या दिवसापर्यंत बोली हलली नाही म्हणून घाबरून मेसेजवाल्याला परस्पर देऊ नका, खरे घेणारे शेवटच्या काही सेकंदांत येतात.

मी आपटलो ते वेगळ्याच ठिकाणी. एक पन्नास एमएमची लेन्स, वरून बघितली, काच चकाचक, लिहिलं 'एकदम स्वच्छ'. घेणाऱ्याने मागून टॉर्च मारून फोटो पाठवला तर कडेला फंगसचं, म्हणजे बुरशीचं जाळं! पैसे परत, दोन्हीकडचं कुरिअर माझ्या डोक्यावर, आणि वर खराब रेटिंग. तेव्हापासून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून दोन्ही बाजूंनी टॉर्च मारतो, त्याच्या पात्यांवर तेल आलंय का बघतो, आणि जे दिसेल त्याचा फोटोच टाकतो. गंमत म्हणजे 'बारीक फंगस आहे, फोटोत येत नाही' असं लिहिलेली लेन्स सुद्धा मग बऱ्यापैकी गेली, लोकांना दोषापेक्षा लपवाछपवीची भीती जास्त असते.

फिल्म बॉडीत आतला काळा फोम चिकट झालाय का बघा, नखाने खरवडू नका. प्रकाश मोजणारा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्ट सेलवर चालणारा असेल तर ते सेल आता बनत नाहीत, १.५ चा घालून रीडिंग चुकतं, तेही लिहा. 'तपासलेला नाही' असं लिहिलंत की लोक बंदच आहे असं धरून बोली लावतात, त्यापेक्षा एक रोल घालून बघाच.

सीरियल नंबरचा फोटो पॅक करतानाच काढून ठेवा, माझ्याकडे एकदा 'परत' म्हणून भलतीच बॉडी आली होती आणि त्या फोटोमुळेच पैसे वाचले.