डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह काढून पत्रा मारावा का?

तुमची बीएस४ डिझेल हॅचबॅक ९०,००० किमी चाललीय, पिकअप पडलाय, चढावर काळा धूर येतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘ईजीआर बंद करून पत्रा मारू.’ ईजीआर म्हणजे जळका वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा आणि पत्रा मारणं म्हणजे त्या वायूची वाट पत्र्याने बुजवणं. व्हॉल्व्ह खोलाच, पण साफ करून परत बसवायला.

त्याआधी एअर फिल्टर आणि टर्बो-इंटरकूलरचे, म्हणजे इंजिनाला दाबाखालची हवा नेणारे, रबरी होज बघा. होज चिरला तरी हीच लक्षणं दिसतात आणि ईजीआर विनाकारण बदनाम होतो. होजच्या खालून आणि क्लॅम्पपाशी बोट फिरवा. ताजा तेलकट ओलावा लागला तर चीर बहुतेक तिथेच.

ईजीआर सायलेन्सरकडे निघालेला थोडा वायू परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की व्हॉल्व्ह मिटायला हवा. पण काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) येणारी तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर जमतो, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो आणि डिझेल पुरतं जळत नाही. काळा धूर तो हाच. शहरात कमी आरपीएमवर रेंगाळणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं.

इंजिन पूर्ण थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग व्हॉल्व्हचा कनेक्टर. कूलंटचा पाइप व्हॉल्व्हला जोडलेला असेल तर कूलंट आधी उतरवा. एक्झॉस्टकडचे बोल्ट तापून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोर लावून बोल्ट तोडलात तर काम दुप्पट. काजळी पितळी ब्रश आणि कार्ब क्लीनरने काढा, पण मोटरचा भाग वर धरा, द्रव आत जाता कामा नये. स्क्रूड्रायव्हर घालून झडप ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. साफ झाल्यावर मिटलेल्या झडपेवर थोडं डिझेल ओता. भराभर गळलं तर ती नीट बसत नाही, व्हॉल्व्ह बदला. मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा फाटे असलेला पाइप) जागेवर ठेवून खरवडू नका, कडक कार्बन सिलिंडरमध्ये पडतो. पॅकिंग नवंच घाला.

पत्रा मारला तर हवा मोजणाऱ्या सेन्सरला अपेक्षेपेक्षा जास्त हवा दिसते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ‘ईजीआरचा प्रवाह कमी’ असा पी०४०१ कोड टाकतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा लपवायला रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं, आणि आणखी खर्च. बीएस६ गाडीत तर ईजीआरचा दोष नोंदला की डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आपोआप होणारी सफाई बऱ्याचदा थांबते आणि तो महागडा फिल्टर तुंबतो. ‘पीयूसी तर पास होते’ हे खरं आहे, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात. वाढलेले नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाहीत, पण जातात मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत. शिवाय परवानगीशिवाय गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहे; कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बसवल्यावर स्कॅनरने कोड पुसा आणि व्हॉल्व्हचं रीलर्निंग, म्हणजे ईसीयूला त्याची उघड-मीट नव्याने शिकवणं, करून घ्या. कूलंट उतरवलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा. बाहेर गळती न दिसता ती उतरत असेल आणि पांढरा धूर असेल, तर ईजीआर कूलर (परत जाणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटल्याची शंका घ्या. तशी गाडी चालवू नका.