परीक्षेविना प्रवेशाचे निमंत्रण

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात राज्यशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलने तिला एलसॅट ही प्रवेशपरीक्षा न देता आत्ताच प्रवेश देऊ केला असून अर्जाचे शुल्कही माफ केले आहे. घरच्यांना हा तिच्या हुशारीचा गौरव वाटतो, मला मात्र शंका येते. ती अनाठायी आहे का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आपली शंका रास्त आहे. अशा योजनेत गैर काही नाही. आपल्याच विद्यापीठातील चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्यांना वर्गाच्या १० टक्क्यांपर्यंत जागा एलसॅटविना देण्याची मुभा अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या वकिलांच्या संघटनेने, ठेवलेली आहे. प्रश्न आहे तो यात कोणाची सोय पाहिली जाते हा. इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ कॉलेजची अशीच एक योजना होती. प्रवेशाचे आकडे फुगवल्याच्या प्रकरणात २०११ मध्ये तेथे चौकशी झाली, तेव्हा प्रवेशप्रमुखांच्या ईमेलमधून या योजनेचे एक गणित उघड झाले : अशा विद्यार्थ्यांचा उत्तम जीपीए (पदवीतील सरासरी गुणांक) कॉलेजच्या आकडेवारीत मोजला जातो आणि एलसॅटचे गुणच नसल्यामुळे त्या परीक्षेचा मध्यांक (वर्गाच्या गुणांच्या क्रमवारीतील मधला आकडा) खाली येण्याची भीती उरत नाही. फुगवलेल्या आकड्यांबद्दल बार असोसिएशनने २०१२ मध्ये कॉलेजवर ठपका ठेवून अडीच लाख डॉलरचा दंड केला. आपल्या मुलीचे लॉ स्कूल तसेच असेल असे मुळीच नाही, परंतु निमंत्रणाचा अर्थ निव्वळ गौरव असा लावू नये.

शुल्कमाफीचेही फार कौतुक नको. शुल्क माफ केले की अर्ज वाढतात, अर्ज वाढले की नकार वाढतात आणि संस्था अधिक निवडक दिसते.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. एलसॅटचे गुण हातात नसले, तर मुलीला इतरत्र अर्ज करणे अवघड जाते, आणि दुसरीकडची शिष्यवृत्ती दाखवून या संस्थेकडून शुल्कात सवलत मागण्याचा मार्गही बंद होतो. जेडी या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीचा खर्च पाहता ही लहान गोष्ट नव्हे. त्यातच १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी 'ग्रॅड प्लस' ही सरकारी कर्जयोजना बंद होत असून, कायद्याच्या विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच कर्ज मिळेल. त्यापलीकडचे कर्ज खासगी, आणि त्यावर जामीनदार म्हणून बहुधा आपलीच सही लागेल.

प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला '५०९ अहवाल' हा प्रवेश, शुल्क व शिष्यवृत्त्यांची माहिती देणारा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. किती विद्यार्थ्यांची सशर्त (ठरावीक गुण टिकवण्याच्या अटीवरची) शिष्यवृत्ती कमी झाली वा रद्द झाली, हे त्यात आधी पाहावे, कारण पहिल्या वर्षाचे गुण वर्गातील इतरांच्या तुलनेत दिले जातात आणि पदवीला सहज मिळणारा जीपीए तेथे सर्वांनाच टिकवता येत नाही. नोकऱ्यांचा अहवाल स्वतंत्र असतो. त्यातील एकूण टक्केवारीवर न जाता, पदवीनंतर दहा महिन्यांनी वकिलीची सनद आवश्यक असलेली पूर्णवेळ आणि दीर्घ मुदतीची नोकरी किती जणांकडे होती, तेवढाच आकडा घ्यावा.

मुलीने प्रवेश कार्यालयाला ईमेलने एकच प्रश्न विचारावा : एलसॅट देऊन मी इतरत्रही अर्ज केला, तर ही जागा आणि शिष्यवृत्ती कायम राहील का? उत्तर लेखी येईपर्यंत अनामत रक्कम भरू नये.