ऑनलाइन स्लॉट गेम कधी रंगतात आणि कधी नुसती निराशा का करतात?

तुमचा प्रश्न असा आहे की दोन स्लॉट गेमचा, म्हणजे पैज लावून चित्रांची चाकं फिरवायच्या खेळांचा, परतावा ९६ टक्केच लिहिलेला असतो, तरी एक तासभर रंगतो आणि दुसरा दहा मिनिटांत वैताग आणतो, हे कसं? मी काही वर्षं स्लॉटचं गणित तपासण्याचं काम केलं आहे. गेम बाजारात जाण्याआधी त्याचे कोट्यवधी स्पिन, म्हणजे चाकांच्या फेऱ्या, कॉम्प्युटरवर फिरवून हिशेब जुळतो का, हे आम्ही बघायचो. त्यामुळे या प्रश्नावर मनापासून लिहितेय.

९६ टक्के, म्हणजे आरटीपी (लावलेल्या पैशांतला खेळणाऱ्यांना परत जाणारा हिस्सा), हा आकडा खोटा नसतो. पण तो कोट्यवधी स्पिनची सरासरी असतो आणि तुम्ही एका बैठकीत खेळता दोन-तीनशे स्पिन. तेवढ्या स्पिनमध्ये तुमच्या वाट्याला काय येईल, हे व्होलाटिलिटीवर ठरतं: तोच परतावा थोडाथोडा करून वारंवार दिलाय, की क्वचित आणि घसघशीत.

नेटएंट कंपनीचा २०१२चा स्टारबर्स्ट हा गेम घ्या. आरटीपी ९६.०९ टक्के. प्लेएन गो कंपनीच्या बुक ऑफ डेडचा मूळ आरटीपी ९६.२१. कागदावर दोघं जुळे भाऊ. पण स्टारबर्स्टमध्ये सर्वांत मोठं बक्षीस लावलेल्या रकमेच्या ५०० पट आहे आणि बुक ऑफ डेडमध्ये ५,००० पट. एवढी मोठी रक्कम द्यायची तर ती इतर स्पिनमधूनच काढावी लागते. म्हणून बुक ऑफ डेडमध्ये तीन पुस्तकं येऊन फ्री स्पिन मिळेपर्यंत शिल्लक बहुतेक वेळा खालीच सरकत राहते, आणि फ्री स्पिन मिळूनही हाती फारसं काही लागेल याची खात्री नसते. स्टारबर्स्टमध्ये चित्रं डावीकडून जुळली काय किंवा उजवीकडून, लहान बक्षिसं येत राहतात. ज्याला निवांत वेळ घालवायचाय तो बुक ऑफ डेडवर बसला की वैतागणार, आणि थरार हवा असलेला माणूस स्टारबर्स्टवर कंटाळणार. गेम वाईट नसतो, निवड चुकलेली असते. माझ्या मते निम्मी निराशा इथेच आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एकच गेम वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांमध्ये विकला जातो आणि कुठली आवृत्ती लावायची हे साइटवाला ठरवतो. ९६ वरून ९४ म्हणजे फक्त दोन टक्के, असं वाटतं. पण तुमचा तोटा चारावरून सहावर जातो, म्हणजे दीडपट होतो. तासाला ६०० स्पिन, प्रत्येकी २० पेन्स धरले तर एकूण १२० पौंड फिरतात. त्यातले सरासरी ४.८० पौंड जातात की ७.२०, हा त्या दोन टक्क्यांचा फरक. म्हणून परीक्षणांत छापलेला आकडा धरून बसू नका. तुम्ही जिथे खेळता तिथे गेममधलं माहितीचं पान उघडून बघा.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती सांगते. चित्रं जुळायच्या वीस ओळी असलेला गेम आहे, प्रत्येक ओळीवर एक नाणं, म्हणजे एका स्पिनला वीस नाणी गेली. एका ओळीवर आठ परत आली. स्क्रीनवर रोषणाई होते, नाणी खळखळतात, ‘जिंकलात’ असं झळकतं. प्रत्यक्षात तुम्ही बारा हरलेले असता. असं शंभर वेळा झालं की डोकं म्हणतं आपण जिंकतोय आणि शिल्लक मात्र संपत आलेली असते. खेळणाऱ्याला नंतर जी फसवल्याची भावना येते, ती बरोबरच आहे. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून हे बंद केलं: लावलेल्या रकमेइतकं किंवा त्याहून कमी परत आलं तर जल्लोष करायचा नाही, दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर हवं, आपोआप फिरणारे स्पिन नकोत. २०२५ मध्ये एका स्पिनला पाच पौंडांची मर्यादा आली, १८ ते २४ वयाच्यांना दोन पौंडांची. यामुळे गेमची मजा गेली असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. वेग कमी झाला की आपण काय करतोय ते निदान कळतं.

‘थोडक्यात हुकलं’ ही भावनाही बऱ्याचदा घडवलेली असते. १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना स्लॉट मशीनसाठी एक पेटंट मिळालं. डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर मोजकीच चित्रं असली, तरी निकाल आतल्या मोठ्या आकड्यांच्या यादीतून काढता येऊ लागला. मग मोठ्या बक्षिसाचं चित्र रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली वारंवार थांबवणं सोपं झालं. ऑनलाइन गेममध्ये दोन स्कॅटर (फ्री स्पिन मिळवून देणारी खास चित्रं) पडले की पुढचं चाक हळू होतं, संगीत चढतं. निकाल तर तुम्ही बटण दाबता क्षणीच लागलेला असतो. थोडं नाट्य असायला माझी हरकत नाही. पण दर चार स्पिनला तेच झालं की माणूस थकतो. आणि ‘इतका वेळ लागलं नाही, आता लागणारच’ याला गणितात काहीच आधार नाही, मागचा स्पिन पुढच्याला माहीत नसतो.

मला मनापासून आवडलेला गेम म्हणजे गोंझोज क्वेस्ट. जिंकलेले दगड फुटतात, वरून नवे पडतात, पुन्हा जुळले की गुणक एकापासून पाचपर्यंत चढतो. रक्कम का वाढली ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि दोनच दगड फुटले तरी बघायला छान वाटतं. मेगावेज या प्रकारच्या गेमचं कौतुक मात्र मला जरा जास्त वाटतं. सहा चाकं, प्रत्येकावर सातपर्यंत चित्रं, म्हणून चित्रं जुळायचे १,१७,६४९ मार्ग. आकडा भव्य आहे, पण त्यातले पुष्कळ ‘विजय’ लावलेल्या रकमेपेक्षा कमीच असतात.

तुम्ही भारतातून खेळत असाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम पुरवण्यावर बंदी घातली. टेलिग्रामवर ज्यांच्या जाहिराती येतात त्या परदेशी साइटवर आरटीपी खरा आहे की गेमच नकली आहे, हे तपासणारं कोणी नसतं. पैसे अडकले तर दाद कुठे मागणार?

फुकट नाण्यांच्या अ‍ॅपमध्ये निराशा वेगळ्या वाटेने येते. सुरुवातीला नाण्यांचा पाऊस पडतो, मग तो आटतो आणि दुकान उघडतं. तिथे मजा टिकवायची तर शिल्लक किमान तीनशे स्पिन पुरेल एवढीच पैज लावा आणि नाणी संपली की उद्याच्या फुकट नाण्यांची वाट बघा. आणि तुम्ही किंवा घरचं कोणी गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळत असेल, तर गेम बदलून काही होणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.