आरसी बग्गी प्रश्नोत्तरे: आधी शॉक उघडा, मग स्प्रिंग विकत घ्या

पाऊस थांबून मैदानं वाळली की आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बग्गीच्या सस्पेन्शनचे (धक्के झेलणाऱ्या शॉकचे आणि स्प्रिंगांचे) तेच ते प्रश्न येऊ लागतात, म्हणून यावेळी तेच घेतले आहेत. प्रश्न पाठवताना बग्गी १/१० आहे की १/८ (खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याची), टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील, आणि जमीन कसली, एवढं लिहाच. नुसतं ‘गाडी नीट वळत नाही’ यावर कुणीही उत्तर दिलं तरी ते अंदाजपंचेच असणार.

शॉकवरची कॉलर (स्प्रिंगला टेकलेली रिंग) आवळली की स्प्रिंग कडक होते ना? (कोथरूड)

नाही. गाडीची उंची वाढते, स्प्रिंग तीच राहते.

माझी १/८ इलेक्ट्रिक बग्गी उडीवरून उतरताना चॅसिस खाडकन आपटते. मित्र म्हणतो, शॉकमध्ये बाइकचं २०डब्ल्यू-४० टाक, जाड असतं. टाकू का? (हडपसर)

मुळीच नाही. इंजिन ऑइलच्या डब्यावरचा ४० आणि शॉक ऑइलच्या बाटलीवरचा ४० यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. शिवाय तापल्यावर इंजिन ऑइल सिलिकॉन ऑइलपेक्षा फार जास्त पातळ होतं, आणि आतल्या ओ-रिंगांना ते मानवेलच असंही नाही. शॉकमध्ये शुद्ध सिलिकॉन ऑइलच हवं. तेही घेताना सीएसटीचा (ऑइलची जाडी मोजायच्या एककाचा) आकडा बघा, कारण एका कंपनीचं ‘४०’ दुसरीच्या ‘४०’ इतकंच जाड असतं असं नाही. १/८ बग्गीला साधारण पुढे ४५० ते ६०० आणि मागे थोडं कमी, ४०० ते ५०० सीएसटी चालतं. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे, तिथूनच सुरुवात करा.

पण माझा संशय ऑइलच्या जाडीवर नाहीच, हवेवर आहे. दहातल्या सात तक्रारींचं मूळ अर्धवट भरलेला शॉक असतो, आणि लोक मात्र स्प्रिंगांचे सेट मागवत बसतात. पिस्टन ऑइलमधून जाताना अडतो. मध्ये हवेचा कप्पा आला की पिस्टन तिथून सरळ निसटतो आणि गाडी आपटते.

शॉक उभा धरा, शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, जुनं ऑइल काढून आतून पुसून घ्या. नवं ऑइल जवळजवळ काठापर्यंत भरा. पिस्टन ऑइलच्या वर येऊ न देता हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे निघतील. मग १० मिनिटं शॉक तसाच उभा ठेवा. इथेच घाई होते. बारीक बुडबुडे वर यायला वेळ लागतो. कमी झालेलं ऑइल भरा, ब्लॅडर (झाकणाखालचा रबरी पडदा) तिरका टेकवून हवा न अडकवता बसवा आणि झाकण सावकाश आवळा. जास्तीचं ऑइल आपोआप बाहेर येईल.

स्प्रिंग न चढवता शाफ्ट आत दाबा. ‘चुक-चुक’ आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा करा. डाव्या-उजव्या शॉकचे शाफ्ट समोरासमोर टेकवून दाबले की दोन्ही सारखेच आत जायला हवेत. दोघांची लांबीही व्हर्नियरने जुळवा. व्हर्नियर पुण्यात बोहरी आळीत मिळतो. एवढं करूनही आपटत असेल तर ऑइल ५० सीएसटीने वाढवा. डिसेंबरच्या सकाळी जमवलेली गाडी मेच्या दुपारी मऊ वाटते, त्यावरही हाच उपाय. पिस्टनची भोकं बदलायचा विचार असेल तर मात्र आधी ट्रॅकवरच्या जाणत्या माणसाला गाडी दाखवा.

१/१० टू-व्हील ड्राइव्ह आहे. मुरमावर थ्रॉटल दिला की मागची बाजू फिरते. (वाघोली)

आधी टायर बघा. पिना झिजल्या असतील तर बाकी सगळं व्यर्थ. मग मागचा टो-इन (चाकं पुढच्या बाजूने आत वळलेली असण्याचा कोन) ३ अंशांच्या आसपास आहे का ते तपासा, मागची स्प्रिंग एक पायरी मऊ करून बघा, ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधला) पंच, म्हणजे सुरुवातीचा झटका, कमी करा. एका वेळी एकच बदल. तीन एकदम केले तर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासूनची उंची) बॅटरीसकट, गाडी २० सेंटिमीटरवरून सपाट फरशीवर सोडून मग मोजा. आणि वर नुसता फुफाटा असेल तर तो झाडायचा, सेटिंगने तो जात नाही.

ऑनलाइन ‘रेसिंग ग्रेड’ ॲल्युमिनियम आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्यांचा) सेट स्वस्तात मिळतोय. घेऊ? (चिंचवड)

नको. चमक विकायचा धंदा आहे तो. प्लॅस्टिकचा आर्म मार बसला की लवतो आणि परत येतो. ॲल्युमिनियमचा वाकून तसाच राहतो, नाहीतर मार पुढे हिंज पिनला (आर्म जिच्यावर फिरतो ती पिन) आणि बल्कहेडला (ती धरणारा भाग) देतो. त्या पैशात कंपनीचे दोन साधे आर्म आणि हिंज पिना घेऊन ठेवा. शॉक काढून आर्म वर उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकला तर पिन काढून काचेवर घरंगळवा. वाकलेली पिन लगेच डुगडुगताना दिसते.

दिवाळीपासून मागचा एक शॉक गळतोय. गाडी चालते आहे. सील कधी बदलू? (बिबवेवाडी)

दिवाळीतच बदलायला हवं होतं. ओल्या शाफ्टला धूळ चिकटते आणि ती पॉलिश पेपरसारखी शाफ्ट घासते. नखाला चर लागत असेल तर नवं सीलही टिकणार नाही, शाफ्टच बदलावा लागेल. दुसऱ्या बाजूचा शॉकही त्याच बैठकीत भरा.

मागे वजन यावं म्हणून लायपो बॅटरी मागे सरकवायची आहे, पण ती थोडी फुगल्याने ट्रेमध्ये बसत नाही. ट्रे घासू का? (औंध)

ट्रेला हात लावू नका. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर नाहीच. घराबाहेर, जळाऊ सामानापासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात विचारून जमा करा. वजनाचं नवी बॅटरी आल्यावर विचारा.