ताईला फिट येते हे स्थळाला सांगायचं का?

"मॅडम, नाही सांगितलं तर फसवणूक आणि सांगितलं तर ताईचं लग्न मोडणार, मग बरोबर काय ते तुम्हीच एकदा सांगून टाका की." मी समुपदेशक, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपात येतच असतो, कुणाला आईचा कॅन्सर आईपासूनच लपवायचा असतो, कुणाला भावाची दारू सासरच्यांपासून, कुणाला आधी मोडलेला साखरपुडा. पण यावेळी आलेलं पोरगं जरा वेगळं होतं. स्पर्धा परीक्षा करणारं, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारं, आणि सॅकमध्ये चक्क एथिक्सच्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या नोट्स. यूपीएससीनं २०१३ पासून एथिक्सचा २५० मार्कांचा वेगळा पेपर आणला, तेव्हापासून आपल्याकडची पोरंही काँट, मिल, ॲरिस्टॉटल असे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ पाठ करायला लागलीत. हा म्हणाला, "थिअऱ्या सगळ्या पाठ आहेत ओ मॅडम, केस स्टडी पण सोडवतो, घरात मात्र डोकंच चालंना झालंय."

(घरच्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

ताई सत्तावीस वर्षांची, एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. अकरावीत पहिली फिट आली, मग न्यूरोलॉजिस्ट, गोळ्या, आणि गेली चार वर्षं एकही फिट नाही. सांगलीचं स्थळ आलेलं, मुलगा इंजिनिअर, पत्रिका जुळली, पसंती झाली, आता साखरपुड्याची तारीख काढायची एवढंच राहिलं होतं. वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी. त्यांचं म्हणणं, एकदा लग्न होऊ दे, पोरगी रुळली की दोन-तीन महिन्यांनी सावकाश सांगू. भावाचं म्हणणं, हे बायोडेटातच लिहायला पाहिजे होतं, आत्ताच्या आत्ता फोन करा. आई दोघांच्या मधे, तिचं एकच, "माझ्या लेकीला कुणी बोल लावू नये." घरात जेवताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी पहिल्यांदा अण्णांना बोलावलं. ते आले ते लग्नाचा मुहूर्त सांगायला आल्यासारखे ताठ बसले आणि म्हणाले, "मी व्यापारी माणूस, फायदा-तोटा बघून बोलतो. सांगितलं की मोडलं. नाही सांगितलं की पोरगी सुखात. ह्यात चूक काय?" आता हा माणूस बेंथम किंवा मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचायला कधी गेला नसणार, पण बोलत होता अगदी त्यांचंच. बेंथमनं १७८९ साली हेच मांडलं की कृती चांगली का वाईट ते तिच्या परिणामांवरून ठरवा, सगळ्यांचं मिळून सुख किती आणि दुःख किती ते बघा. पुढं मिलनं ते सावरून, नीट करून लिहिलं. लोक यालाच 'उपयुक्ततावाद' म्हणतात आणि पटकन नाव ठेवतात, की हा स्वार्थी विचार आहे. तसं नाहीये. यात एक कडक अट आहे जी अण्णांसारखी माणसं विसरतात, ती ही की हिशेबात प्रत्येक माणूस एकच धरायचा, कुणालाही एकापेक्षा जास्त नाही. आपली लेक शंभर आणि समोरचा मुलगा शून्य असा हिशेब मिलला चालला नसता.

मग मी म्हणलं, अण्णा, करायचाच तर हिशेब पुरा करू. लग्नानंतर ती गोळी कुठं ठेवणार? सासरी नव्या खोलीत, नव्या माणसासमोर, रोज ठरलेल्या वेळेला, लपवून? एखाद दिवशी चुकणारच, आणि गोळी चुकणं हे फिट परत यायचं फार मोठं कारण. दुसरं कारण अपुरी झोप. लग्नाच्या आधीचे दिवस, हळद, वरात, मग जागरण गोंधळ, सांगा किती रात्री ती झोपणार? आणि फिट आलीच तर त्या घरात कुणाला काय करायचं ते माहीत नसणार, कुणी कांदा हुंगवणार, कुणी चप्पल, कुणी दातात चमचा घालणार. (तेवढ्यात सांगून घेते, चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, अगदी अस्सल कोल्हापुरी असली तरी. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना.) शिवाय मूल. फिटच्या काही गोळ्या, खासकरून व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला त्रासदायक ठरू शकतात, म्हणून दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावं लागतं. ते नवऱ्याला अंधारात ठेवून कसं करणार?

कायद्याचं पण थोडक्यात बोललो. फिट येते म्हणून लग्न करता येत नाही असं हिंदू विवाह कायद्यात पूर्वी होतं, ते १९९९ साली काढून टाकलंय, त्यामुळं आजार असणं हा गुन्हा नाही की कमीपणा नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली अशी तक्रार घेऊन समोरचा लग्न रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत. पुढचं वकिलाला विचारा म्हणलं.

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "धर्मराज पण बोललाच की नरो वा कुंजरो वा." कोल्हापूरच्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे महाभारतापर्यंत जायची तयारी पाहिजे. मी म्हणलं, बोलला की, पण त्याआधी त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या दिवशी खाली टेकला, ते पण त्याच गोष्टीत आहे. मग वेगळंच विचारलं, साखर मिसळलेला गूळ शुद्ध म्हणून कधी विकलाय का? ते जवळजवळ रागावलेच. "आमच्या पेढीचं नाव हाय मॅडम! सगळ्यांनीच असं केलं तर कोल्हापुरी गूळ म्हणून घेणार कोण?"

इथं बघा काय झालं. हेच वाक्य काँटनं १७८५ मध्ये जरा अवघड जर्मनमध्ये लिहिलंय. तुम्ही जे करताय तोच सगळ्यांचा नियम झाला तर तो नियम उभा राहतो का ते बघा. सगळेच बायोडेटात लपवायला लागले तर कुणी कुणाच्या बायोडेटावर विश्वासच ठेवणार नाही, आणि मग लपवण्याचाही उपयोग राहणार नाही. आपण एरवी म्हणतो ना, 'तुमच्या पोराच्या बाबतीत असं झालं तर चालंल का', ते काँटचं नाही बरं का, तो सगळ्या धर्मांत असलेला जुना सुवर्णनियम, आणि काँटनं तो आपल्या नियमाच्या जागी चालणार नाही असं एका तळटीपेत उडवून लावलंय. भावाच्या नोट्समध्ये हे दोन्ही एकच करून टाकलेलं होतं, क्लासवाल्यांची कृपा.

जाता जाता अण्णा म्हणाले, "बरं, मग काय सगळ्या गल्लीला सांगत सुटायचं?" हा प्रश्न मला खरंच आवडला, कारण त्याचं उत्तर भावाकडं नव्हतं.

भाऊ काँटवाला. खोटं म्हणजे खोटं, विषय संपला. मी त्याला विचारलं, बायोडेटात लिहिलं म्हणजे तो बायोडेटा कुठंकुठं जातो? वधू-वरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मामाच्या मित्राला, त्याच्या वहिनीला, स्क्रीनशॉट होऊन अख्ख्या जिल्ह्यात. उद्या पतसंस्थेत तिच्या टेबलापर्यंत. तू खरं बोलायला निघालायस का तिची फाईल वाटायला?

मग त्याला एक गोष्ट सांगितली जी त्याच्या नोट्समध्ये नव्हती. १७९१ साली मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रियातल्या एका तरुणीनं काँटला पत्र लिहिलं. तिनं आपल्या माणसापासून आधीच्या एका प्रेमाची गोष्ट लपवली होती, नंतर सांगितली, आणि तो तिच्याशी थंड वागायला लागला, ती पार मोडून गेलेली. म्हणजे बघा, आपलाच प्रश्न, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. काँटनं पुढच्या वर्षी उत्तर दिलं आणि त्यात एक फरक केला, की मनातलं सगळंच न बोलणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं, पहिलं माणसाच्या स्वभावात असतं आणि ते माफ आहे, दुसरं नाही. एवढा कडक माणूस, जो म्हणायचा की दारात खुनी उभा असला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, तो पण इथं जागा सोडतो. (समुपदेशक म्हणून मात्र तो साफ नापास. तिची पत्रं त्यानं नंतर ओळखीतल्या दुसऱ्या एका मुलीला पाठवून दिली, बघ कशी वाहवत गेली म्हणून! गोपनीयता वगैरे काही नाही.)

तर गल्लीला न सांगणं हे खोटं नाही. पण जो माणूस तिच्याबरोबर आयुष्य काढायचं ठरवतोय त्यानं 'तब्येत कशी' म्हणून विचारल्यावर 'एकदम ठणठणीत' म्हणणं हे खोटं, आणि त्यानं विचारलं नाही म्हणून साखरपुडा उरकून घेणं हे पण जवळजवळ तेच, कारण त्याचा होकार ह्याच माहितीवर टेकलेला आहे.

भाऊ म्हणाला, "मग मी फोन करतो त्याला." मी विचारलं, ताई काय म्हणते? तो थांबला. "तिला... तिला काय विचारायचं त्यात, ती तर गप्पच असते."

खरं सांगू, मला ह्या केसमध्ये सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. काँटचीच दुसरी ओळ ह्याच्या नोट्समध्ये लाल पेनानं अधोरेखित होती, की माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका. आणि घरात अण्णांना पोरीच्या लग्नातून भावकीत मान राखायचा होता, आणि ह्याला तिचा आजार जाहीर करून स्वतःला शांत झोप लागायला हवी होती. मी ते त्याला तसंच म्हणलं. त्याला राग आला, येऊ दे म्हणलं.

ताई आली ती ऑफिस सुटल्यावर, डबा हातात. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम म्हणाली, "मला लग्न मोडायची भीती नाही ओ मॅडम, मला गोळी लपवून खायची भीती वाटते. हॉस्टेलला वर्षभर तसं केलंय, बाथरूममध्ये जाऊन. परत नाही करायचं." अण्णांचा हिशेब आणि भावाचा नियम दोन्हीत हे वाक्य कुठंच नव्हतं. कॅरल गिलिगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये हेच मांडलं होतं, की नैतिक विचार म्हणजे नुसते नियम आणि हक्क नाहीत, कोण कुणाला धरून आहे, कुणाला कुठं दुखतंय हे ऐकणं हा पण नैतिक विचारच आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. आईचं ते 'लेकीला बोल लावू नये' त्याच जातीचं, फक्त आई पण लेकीला न विचारताच काळजी करत होती.

पुढचं काम मग थिअरीचं नव्हतंच, कधी आणि कसं एवढंच होतं. ॲरिस्टॉटल म्हणतो ना, योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य रीतीनं, ते वाचायला गुळगुळीत वाटतं पण प्रत्यक्षात सगळी मेहनत तिथंच असते. तिनं ठरवलं की आधी डॉक्टरांना भेटून सगळं पुन्हा समजून घ्यायचं, मग मुलाला एकट्याला, साखरपुड्याच्या आधी, मध्यस्थ नको, फोनवर नको, समोरासमोर. रडायचं नाही, माफी मागायची नाही. आम्ही तिची वाक्यं म्हणून बघितली. "मला फिटचा आजार आहे, औषधानं चार वर्षं आली नाही, तुम्हाला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर मी बरोबर येते." बास. आजार असलेल्या साधारण सत्तर टक्के लोकांच्या फिट योग्य औषधानं थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते पण तिनं पाठ केलं होतं, पण नंतर म्हणाली, टक्के नको, ते गूळ विकल्यासारखं वाटतंय.

रंकाळ्याच्या बाजूला एका कॅफेत भेटले. मुलगा नीट ऐकत होता, दोन-तीन चांगले प्रश्न पण विचारले त्यानं. आणि चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन, पत्रिकेत काहीतरी दोष निघाला म्हणून. आधी जुळलेली तीच पत्रिका.

अण्णा माझ्याकडं आले ते तावातावानंच. "बघा, त्यांनी पण खोटंच सांगितलं का नाही? आमच्याच पोरीनं एकटीनं हरिश्चंद्र व्हायचं?" भाऊ पण डळमळलेला, म्हणाला परिणाम वाईट आला म्हणजे निर्णय चुकला ना? मी म्हणलं, निर्णयाला मार्क द्यायचे ते त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर द्यायचे, आणि परिणाम म्हणशील तर तो अजून पुरता आलेला नाही, ज्या घराला हे ऐकून पत्रिका आठवली त्या घरात ती फिट आली असती तर काय झालं असतं तो पण परिणामच आहे, फक्त तो दिसत नाही. अण्णांना हे पटलं असं मी म्हणणार नाही. ते अजूनही म्हणतात की दोन महिने थांबायला पाहिजे होतं. ताई एक संध्याकाळ रडली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

आता इचलकरंजीचं एक स्थळ आहे. यावेळी अण्णांनीच मध्यस्थाला सांगून ठेवलंय, "तब्येतीचं काय असंल ते आमची पोरगी स्वतः बोलंल, तुम्ही मधे पडू नका." ताई परवा आली होती, वही घेऊन, मुलाला पहिल्या भेटीत काय काय बोलायचं ते लिहिलेली. शेवटचं पान माझ्यासमोर धरून म्हणाली, "मॅडम, मी माझं सांगणार, पण मग त्याचं पण विचारू ना? शुगर, बीपी, दारू, कर्ज, आधी काय आजार. अण्णा म्हणतात मुलाकडच्यांना असलं विचारत नसतात."

विचार की, म्हणलं, आणि त्या यादीत अजून दोन गोष्टी घालून दिल्या.